१४ सेकंदांची यादी, आणि मी इंडेक्सच्या मागे

तर मंडळी, मागच्या वेळी म्हणालो होतो की ताऱ्यांच्या निरीक्षणांच्या नोंदींचं ॲप उघडायला १४ सेकंद लागतायत आणि आता इंडेक्स (डेटाबेसला नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची) नीट लावले की झालं. नाही झालं. दोन वीकेंड इंडेक्स लावले, काढले, परत लावले, तारखेवर एक, ताऱ्यावर एक, दोन्हीवर मिळून एक, आणि आकडा हलला फारतर अर्ध्या सेकंदाने. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

सेटअप तोच. पोस्टग्रेस हा डेटाबेस रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (तोच सर्व्हर), क्लायंट म्हणजे यादी दाखवणारं ॲप पायथन आणि क्यूटीमधलं, लॅपटॉपवर, मधे वायफाय. टेबलात ३,८०,००० च्या आसपास नोंदी, मुख्य यादीत शेवटच्या २०००.

एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरीला किती वेळ लागला ते सांगणारी पोस्टग्रेसची कमांड) चालवलं तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची मागणी, ३० मिलिसेकंदात संपत होती आणि तिथेच मी फसलो, म्हटलं आता हिला अजून काय फास्ट करणार. पण एक्सप्लेन ॲनालाइझ रो (नोंदींच्या ओळी) क्लायंटकडे पाठवतच नाही, त्यांचं टेक्स्टमध्ये रूपांतरही करत नाही, त्यामुळे खरा वेळ जातो तो भाग त्यात दिसतच नाही (१७ व्या व्हर्जनपासून सिरियलाइझ नावाचा ऑप्शन आलाय, त्यात रूपांतराचा खर्च कळतो, नेटवर्कचा तरीही नाही). शेवटी क्लायंटच्या कोडमध्येच प्रत्येक टप्प्याला टायमर लावला आणि मग लाज वाटली.

८ सेकंद जात होते दुर्बिणीच्या नावात. प्रत्येक रो आली की मी तिच्या दुर्बिणीच्या आयडीवरून नाव आणायला वेगळी क्वेरी मारत होतो. वायफायवर एक फेरी सरासरी ४ मिलिसेकंद, २००० फेऱ्या, करा गुणाकार. सर्व्हर बिचारा बहुतेक वेळ रिकामा बसून होता. आणि माझ्याकडे दुर्बिणी आहेत तीन! तीन नावं २००० वेळा विचारली. जॉइन टाकला, म्हणजे नावं त्याच एका क्वेरीत जोडून मागितली, १४ चे ६ झाले. ओआरएम (कोडातून क्वेऱ्या आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी हसू नका, लेझी लोडिंग (लागेल तेव्हाच माहिती आणणं) चालू असेल तर तुमच्याकडेही गुपचूप हेच चाललेलं असतं, फक्त कोडात दिसत नाही.

उरलेल्यातले ५ सेकंद थंबनेलचे. मी सिलेक्ट स्टार (सगळेच कॉलम द्या) लिहून मोकळा झालो होतो आणि टेबलात थंबनेलचा बायटीया (कच्च्या बाइट्सचा) कॉलम आहे, एकेक साधारण १५ केबी. पोस्टग्रेसमध्ये रो साधारण २ केबीच्या वर गेली की मोठी व्हॅल्यू बाजूला टोस्ट टेबलात जाते आणि तो कॉलम मागितलाच नाही तर तिला हातही लागत नाही, म्हणजे सोय होती, मीच ती मोडत होतो. त्यात सायकोपीजी २ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) बायटीया हेक्स टेक्स्ट म्हणून आणतो, एका बाइटची दोन अक्षरं, म्हणजे ३० एमबीचे ६० एमबी होऊन हवेतून येत होते. आता यादीत लागतात तेवढेच कॉलम नावं लिहून मागतो आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या तीसेक रोंचे थंबनेल त्यांच्या आयडी एकत्र देऊन एकाच क्वेरीत आणतो. स्क्रोल थांबल्यावर १५० मिलिसेकंद वाट बघून मगच, नाहीतर जोरात स्क्रोल केलं की क्वेऱ्यांचा पाऊस.

शेवटचा सेकंद ग्रिडचा होता, एकेक रो घालून प्रत्येक वेळी कॉलमची रुंदी परत मोजत होतो. आता २०० ची बॅच एकदम. झालं.

मग हाव सुटली, की २००० च का, सगळ्याच नोंदी स्क्रोल करता आल्या पाहिजेत. आधी लिमिट ऑफसेट (इतक्या रो सोडून पुढच्या इतक्या द्या) लावलं, पहिली पानं मस्त, पण तीन लाखांच्या पुढे गेलं की सर्व्हर आधीच्या तीन लाख रो चालून जातो आणि टाकून देतो, मग तुमच्या २०० देतो. नंतर सर्व्हर साइड कर्सर (सर्व्हर उत्तर धरून ठेवतो आणि मागू तसं थोडं थोडं देतो) वापरून बघितला, वेगवान होता, पण त्यासाठी ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला एक व्यवहार, उघडं ठेवावं लागतं. लॅपटॉपचं झाकण मिटून जेवायला गेलो, आलो तर कनेक्शन तुटलेलं आणि सर्व्हरवर ते ट्रान्झॅक्शन तसंच लटकलेलं. ते लटकलंय तोवर व्हॅक्यूमला (जुन्या, बाद रो साफ करणारं पोस्टग्रेसचं काम) नवा कचरा उचलता येत नाही. काढून टाकला.

आता कीसेट पद्धत आहे: शेवटच्या दिसलेल्या रोची तारीख आणि आयडी द्यायची, त्याच्या आधीच्या २०० मागायच्या, दोन्हीवर मिळून इंडेक्स (हा एक इंडेक्स तरी कामाला आला). आयडी विसरू नका, एकाच वेळेच्या दोन नोंदी पानाच्या सीमेवर आल्या की एक गायब होते, मला हे एक नोंद अर्धा तास शोधल्यावर कळलं. पहिलं पान पाव सेकंदाच्या आत येतं आणि कितीही खाली गेलं तरी तेवढंच.

अडलंय कुठे, तर स्क्रोलबारवर. एकूण किती रो हे त्याला माहीत नाही, काउंट स्टार (सगळ्या रो मोजणारी क्वेरी) दरवेळी मोजत बसतो, म्हणून पीजी क्लास या पोस्टग्रेसच्या आतल्या टेबलातला रेलटपल्स, म्हणजे रोंच्या संख्येचा अंदाज, देतोय. फिल्टर लावला की तो अंदाज निरुपयोगी, मग बार खाली ओढावा तसा आखडत जातो. आणि थेट मधल्या वर्षावर उडी मारायचीये तर कीसेटला ते पान नंबराने कळत नाही. सध्या बाजूला तारखेचा बॉक्स ठेवलाय, तारीख टाकली की तिथूनच मागणी सुरू. कुणी बार नीट जमवला असेल तर कसा ते सांगा, मी या वीकेंडला त्यालाच हात घालणार आहे.