कमिंग सून

नव्या पेठेत एका बंद शटरवर फ्लेक्स लागलाय: ‘कमिंग सून’. देवनागरीत. लागला तेव्हा लालभडक होता. आता सोलापूरचे दोन उन्हाळे खाऊन गुलाबी पडलाय, खालचा कोपरा सुटून फडफडतो. परवा आईला गाडीवर मागं बसवून तिथनं चाललो होतो. तिनं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “कुणाची सून येतीय रे?”

“कुणाची नाही. दुकान लवकरच येणार म्हणतायत.”

“मग दीड वर्ष काय माहेरी बसलंय?”

हा इंग्रजी ‘सून’ मुळात इतका निवांत नव्हता. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘सोना’ होता आणि अर्थ होता ताबडतोब. पण माणसं ताबडतोब म्हणायची आणि सावकाश यायची. शेवटी शब्दालाच त्यांची सवय लागली. ‘प्रेझेंटली’चंही तेच. ‘बाय अँड बाय’ची तर कमाल आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात हेरोद राजापुढं नाचलेली मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं ताटात घालून ‘बाय अँड बाय’ मागते. आज ऐकलं तर वाटेल, सवडीनं द्या, घाई नाही. तिला ते उभ्या उभ्या हवं होतं. आजचा अर्थ तेव्हा असता तर बिचारा चार दिवस जास्त जगला असता.

आपण शब्दाला हात लावत नाही, सरळ काळच फिरवतो. मित्राला फोन करावा तर, “आलोच की बे, पार्क चौकात आहे,” आणि मागनं कुकरची शिट्टी. आलो! भूतकाळ! अजून चप्पल पायात नाही. आमचा शिंपी तर याच्याही पुढचा. “झालंच की, फक्त काज-बटण राहिलंय,” म्हणतो, आणि माझं कापड त्याच्या डोक्यावरच्या फळीवर, मी दिलेल्या पिशवीत, मी मारलेल्या गाठीसकट दिसत असतं.

काल परत तिथनं गेलो तर शटर अर्धं वर. आईनं पाठीत बोट खुपसून गाडी थांबवायला लावली. आत सिमेंटच्या पोत्यावर बसून एक माणूस शेंगा चटणी आणि भाकरी खात होता.

“कधी उघडणार हो?” आईनं वाकून विचारलं.

त्यानं घास गिळला.

“उघडलंच की, काकू.”