भुलीत माणसाला खरंच काही कळत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मिरजेत भूलतज्ज्ञ म्हटलं की हा प्रश्न ओपीडीत येतो, लग्नाच्या पंगतीत पण येतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी विचारलं तर मी सरळ "काही कळत नाही" म्हणतो, त्या माणसाला तेव्हा तेवढंच पाहिजे असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पण तुम्ही निवांत विचारताय, तर खरं सांगायचं म्हणजे मला ते बाहेरून दिसत नाही. मला दिसतं पल्स, बीपी, सॅच्युरेशन, श्वासातला गॅस, आणि कपाळाला पट्टी लावली असेल तर बिसचा आकडा. तो 0 ते 100, 100 म्हणजे पूर्ण जागा, त्यात 40 ते 60 असला की भूल ठीक समजायची. पण हा मेंदूच्या लहरींचा हिशोब झाला, आत काय वाटतंय त्याचा नाही. केटामिन नावाचं भुलीचं औषध दिलं की पेशंट टक्क डोळे उघडे ठेवून गपगार आणि आकडा मात्र वर चढलेला!

मग म्हणाल पेशंटलाच विचारा की. तर 1977 मध्ये टनस्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञानं तेच केलं. स्नायू सैल पडायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीचा पट्टा आवळून ठेवायचा, औषध तिथं पोचत नाही, तेवढा हात हलता राहतो, आणि ऑपरेशन चालू असताना कानाशी सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही पेशंट दाबतात हो. आणि नंतर विचारलं तर म्हणतात गाढ झोपलो होतो.

आता खरं कुणाचं, हाताचं का तोंडाचं? मी हाताचं धरतो (दाबला म्हणजे दुखतच होतं असं नाही, ते वेगळं विचारावं लागतं). मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेला पेशंट टेबलवर माझ्याशी उसाच्या बिलावरून तावातावानं बोलतो आणि संध्याकाळी वॉर्डात विचारतो, तुम्ही कोण? म्हणून काय तो तेव्हा बेशुद्ध होता?

दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारतोच, झोपायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं, जाग आल्यावर पहिलं काय, मधलं काही, स्वप्न वगैरे? बहुतेक जण मधलं काहीच नाही म्हणतात. कागदावर मी "आठवत नाही" लिहितो, "कळलं नाही" असं लिहीत नाही.