विजेचा वणवा बुंध्यापाशी धुमसतो

सह्याद्रीत वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत उन्हाळा सरताना तो वीजही लावते. ढगांचा तळ उंच आणि खालची हवा शुष्क असते, त्यामुळे सरी वाटेतच सुकतात. जमिनीवर पोचते ती फक्त वीज.

खोडावरून उतरलेली वीज बुंध्याशी साचलेल्या सूचिपर्णी पाचोळ्यात विस्तव ठेवून जाते. तिथे ज्वाळा नसते. कित्येक दिवस तो आतल्या आत धुमसतो आणि एखाद्या दुपारी ऊन-वारा चढला की धुराची रेघ दिसते. म्हणूनच वादळ गेल्यावरही टेहळणी सुरू ठेवावी लागते.

सप्टेंबर 2021मध्ये सिएरा नेवाडातल्या सिक्वॉया नॅशनल पार्कात (सिक्वॉया म्हणजे तिथले महाकाय सूचिपर्णी वृक्ष) अशा दोन आगी लागल्या, पॅराडाइज आणि कॉलनी. पॅराडाइजचा उतार इतका खडा होता की तिथे माणसं उतरवणं धोक्याचं होतं. पुढे दोन्ही एक झाल्या आणि 88 हजार एकरांवर जंगल जळालं.

खड्या उतारावरची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, नुसता पाचोळा झाडून होत नाही. खालची कोरी माती लागेपर्यंत खणायचं आणि आडवी मुळं तोडायची, नाहीतर आग मुळांतून पलीकडे जाते. उताराच्या खालच्या कडेला चर आणि मातीचा बांध हवाच, कारण सूचिपर्णी झाडांचे पेटते शंकू (त्यांची बीजफळं) गडगडत येऊन रेषा ओलांडतात. विझल्यावर राख हाताच्या पाठीने चाचपायची. सगळ्यात मोठा धोका मात्र वर असतो, आतून जळून पोकळ झालेली वठलेली झाडं आवाज न करता पडतात.

याच पार्कातल्या जनरल शर्मन या प्रचंड सिक्वॉयाच्या बुंध्याला आगीपासून वाचवायला गुंडाळलेल्या चंदेरी पत्र्याचे फोटो जगभर गाजले. माझ्या मते त्याहून मोलाचं ठरलं ते तिथे कित्येक दशकं केलेलं नियंत्रित जाळणं. सिक्वॉयाची साल 60 सेंटिमीटरपर्यंत जाड असते, त्यामुळे जमिनीलगतची आग तो सोसतो; त्याचे शंकूही मुख्यतः आगीच्या उष्णतेने उघडतात. शेंड्यातली सोसत नाही. जिथे दाट झुडोऱ्याची शिडी उभी होती, त्या रेडवुड माउंटन या सिक्वॉयांच्या राईच्या काही भागांत आग शेंड्यांपर्यंत चढली. या वणव्यात पार्कच्या अंदाजाने 1,330 ते 2,380 मोठे सिक्वॉया गेले किंवा जगण्यापलीकडे होरपळले.

पण शतकभर आग न लागलेल्या जागी नियंत्रित जाळण्यासाठीही लगेच काडी लावू नये. आधी बुंध्याभोवतीचा पाचोळा ओढून बाजूला करावा, नाहीतर मंद आगही बारीक मुळं भाजून काढते.