आईच्या गाठीतले सुट्टे

आई गेली त्याच्या पंधराव्या दिवशी मी ड्युटीवर हजर झाले. रजा संपली होती, आणि घरात बसवतही नव्हतं. सकाळची वाई–सातारा, साधी गाडी. जुलै २०२४, बाहेर पावसाची झड लागलेली.

एसटीत वाहक म्हणून मला अकरा वर्षं झाली. या नोकरीत घर चालतं पगारावर, पण दिवस निभतो तो सुट्ट्या पैशांवर. पहिल्या फेरीला जो तो पाचशेची नोट पुढे करतो. आईला हे पक्कं ठाऊक होतं. किराणा दुकानदार, देवळातले पुजारी, भाजीवाली, सगळ्यांकडून ती नोटा देऊन नाणी जमवायची. रविवारी रात्री जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या डब्याशेजारी ठेवायची. शंभर रुपये. त्यात एक रुपया कमी नाही की जास्त नाही. ड्युटीवर निघताना वाहकाला स्वतःजवळची रक्कम वे-बिलात, म्हणजे ड्युटीच्या हिशोबाच्या कागदावर, नोंदवावी लागते, नाहीतर तपासणीत जास्तीची रोकड अंगाशी येते. आईची पुरचुंडी मी कधी मोजली नाही. न सोडताच शंभर लिहायचे.

त्या दिवशी पिशवीत शेवटची पुरचुंडी होती, आजारी पडायच्या आधीच्या रविवारी बांधलेली. हिरवा काठ, दोन गाठी. मी शंभर लिहिले आणि गाडीत चढले.

वाई सुटतानाच मोठ्या नोटा यायला लागल्या. हात पिशवीत जायचा, गाठीला लागायचा आणि तसाच बाहेर यायचा. "मागे लिहून देते, साताऱ्यात घ्या," असं म्हणत आठ-नऊ जणांच्या तिकिटामागे मी बाकी लिहून दिली. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "मॅडम, सुट्टे नसतील तर ड्युटीवर येता कशाला?" त्यांचं चुकलं असंही नाही. पण मला उत्तर सुचलं नाही.

पाचवडला एक आजी चढल्या. पदराच्या टोकाला बांधलेलं आधार कार्ड सोडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून काढावंच लागतं. म्हणून जन्मतारीख बघितली. साल १९४९. आईचंही तेच. आईला पंचाहत्तर पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. "सप्टेंबर लागू दे, मग बघ, तुझ्याच गाडीतनं फुकट हिंडते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आजींचं तिकीट काढून दिलं. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. दांडा धरून खिडकीकडे तोंड करून उभी होते.

"माझं तिकीट राहिलंय."

मधल्या सीटवरचे एक म्हातारे गृहस्थ. पांढरी टोपी, मांडीवर छत्री. त्यांचंही शून्याचंच तिकीट. ते मी काढून दिलं, तर त्यांनी मला हातानं खाली वाकायची खूण केली आणि कानाशी म्हणाले, "मागं आणखी राहिल्यात. गाडीत एक्केचाळीस डोकी आहेत. किती निघाली बघ."

मशीनमध्ये अडतीस होती.

माझे हातपाय गार पडले. राहिलेल्या तिघांपैकी एकाचे पैसे मी घेतलेले होते. पुढे आनेवाडीला तपासणी पथक चढलं असतं, तर 'पैसे घेऊन तिकीट दिले नाही' एवढंच कागदावर आलं असतं. आई गेली हे त्या कागदात कुठे लिहिणार? मी धावत मागे गेले आणि तिन्ही तिकिटं काढली.

परत आले तेव्हा ते उठून उभे होते. "मीबी कंडक्टरच होतो. ट्रे न् पंचच्या काळातला. ही मशीन काय मला कळत नाही, पण माणसं मोजता येतात." मग थांबून विचारलं, "घरी काय झालंय?"

"आई गेली."

त्यावर ते काही बोलले नाहीत. 'असं व्हायचंच' नाही, 'देवाची मर्जी' नाही. पंधरा दिवस मी तेच ऐकत होते. छत्री सीटवर ठेवून, एका हातानं वरची दांडी धरून ते मागे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कुणाकडं चिल्लर, दहा-विसाच्या नोटा आहेत? ताईंना लागतायत. बदल्यात मोठी नोट घ्या."

एका दूधवाल्यानं कमरेची पिशवी सोडली. कॉलेजच्या दोन मुलींनी पर्स रिकामी केली. मघाशी चिडलेल्या गृहस्थांनीही खिशातून वीसच्या चार नोटा काढल्या. आजोबा एकेकाच्या तिकिटामागची बाकी वाचायचे, "यांचे चाळीस, त्यांचे पंधरा," आणि मी द्यायची. लिंब फाटा आला तेव्हा कुणाचीच बाकी राहिली नव्हती.

पैसे काढता-घालताना पिशवीतली पुरचुंडी त्यांना दिसली.

"ही कुणी बांधलीय?"

"आईनं. सुट्टे आहेत. शंभर."

"वे-बिलात लिहिल्यास?"

"हो."

"मग राहू दे तशीच. हिशोबात धरलीय ना, मग सोडायलाच पाहिजे असं थोडंच आहे."

तेव्हा मला रडू आलं, भर गाडीत. ते माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले, पुढच्यांना मी दिसू नये असे. वाढे फाट्याला काही जण उतरणार होते, तेव्हा घंटीही आजोबांनीच दिली, एक थांबायला आणि दोन निघायला.

सातारा स्टँडवर उतरताना मी पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले. "मोजताना मागनं पुढं मोजावं, पोरी. पुढनं मोजलं की माणसं आपल्या तोंडाकडं बघत्यात आणि आकडा चुकतो." छत्री उघडली आणि गर्दीत गेले. नाव, गाव काही विचारायचं सुचलं नाही. त्यानंतर त्या फेरीला कितीदा गेले, पण ते दिसले नाहीत.

संध्याकाळी कॅश भरली, रुपयाचाही फरक आला नाही.

आता माणसं मी मागूनच मोजते. सुट्टे दुसरीकडून आणते. पुरचुंडी पिशवीत असते, दोन्ही गाठी तशाच. तिचे शंभर मी रोज वे-बिलात लिहिते.