गाळ्यातल्या पाइनला चपडा

रविवार, दसरा उलटून गेल्यावर

हवेतला चिकटपणा एकदाचा उतरला, तसा कामाच्या गाळ्यातल्या भिंतीवर ठोकायच्या पाइनच्या पट्ट्यांसाठी चपडा काढला. चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचं पॉलिश करायचं. पावसाळ्यात या कामाला हात लावायचा नाही. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ होतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं काय होणार?

पॉलिशवाले मामा अजून मेलामाइनवरच, म्हणजे त्या तयार चकचकीत पॉलिशवरच, अडून आहेत. "शेठ, आरशासारखं दिसेल!" दिसेलही. पण हा दिवाणखाना थोडाच आहे? इथे शिडी, पाइप, क्लॅम्प रोज भिंतीला घासणार. मेलामाइनमध्ये हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, पडला की ते कायमचं पक्कं होतं. ओरखडा गेला तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, अख्खी पट्टी घासत बसा. चपड्याचं तसं नाही. नवा हात जुन्याला थोडा विरघळवून त्यातच मुरतो, बोळा फिरवला की ओरखडा गायब. स्पिरिट आणि गरम भांडं त्याला सोसत नाही, पण भिंतीवर चहाचा टोप कोण ठेवतंय!

शिवाय पट्ट्या पॅकिंगच्या पाइनच्या, गाठीच गाठी. गाठीतून राळ पाझरते आणि वरच्या रंगावर पिवळे डाग उठतात. चपडा ती आतच अडवतो, म्हणून जाणता रंगारी रंगाआधी गाठींवर चपडाच लावतो. हे ऐकल्यावर मामा जरा नरमले.

चपडा काल रात्रीच भिजत घातला होता, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात तो काळवंडतो. लिटरभर स्पिरिटला 240 ग्रॅम, आणि पहिल्या हातासाठी पातळ, म्हणजे तेवढ्याच स्पिरिटला निम्माच चपडा. सकाळी मलमलीतून गाळला तेव्हा तळाशी गाळ आणि काड्या उरल्या, रंग मधाकडे झुकणारा. आधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग 180च्या, धूळ पुसून पहिला हात. सुकल्यावर लाकडाचे तंतू उभे राहिले, तळहाताला खरखर लागली. 320 हलकेच फिरवला आणि मग कुठे पट्टी गुळगुळीत झाली.

मामांना एक गोष्ट मात्र अजिबात पटेना: ठोकण्याआधी पट्टीची मागची बाजू आणि शेजारच्या पट्टीच्या खाचेत जाणारी कडही पॉलिश करायची. "दिसणार कुणाला?" दिसायचा प्रश्नच नाही. एकच बाजू बंद केली तर दमट हवा उघड्या बाजूने शिरते आणि पट्टीला बाक येतो. आणि कोरड्या हवेत पट्ट्या आकसल्या की खाचेतली कोरी कड पांढऱ्या रेघेसारखी उघडी पडते. पट्ट्यांमागे उभ्या बॅटन, म्हणजे लाकडी चिपा, मारून हवा खेळायला जागा ठेवली आहे, कारण बाहेरची भिंत पावसात ओल धरते.

खाली फूटभर लाकूड नाहीच, तिथे टाइल्स. शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. फूटभर टाइल्स तेवढ्याला पुरणार नाहीत, हे कळतं. पण दरसालच्या तुंबलेल्या पाण्यापुरत्या आहेत.

ग्राइंडरमागच्या भिंतीला पाइन लावायचंच नाही असं ठरलं. ठिणग्या, भुसा आणि स्पिरिटची वाफ एका कोपऱ्यात नकोत. तिथे सिमेंटचा पत्रा. मामांना हे एकदम मान्य, कारण पत्र्याला पॉलिश नाही.