तीन हिवाळे आणि पॉपीचं एक बोंड

दिवाळी आठवड्यावर आली होती. अनारशांसाठी आई खसखस निवडत होती आणि मी शेजारी बसून पॉपीच्या बियांचं पाकीट फोडत होते. ताटलीत दोन्ही शेजारी शेजारी पडल्या. तितक्याच बारीक, तशाच गोल, फुंकर मारली तर उडतील अशा. आईने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "अगं, हीच की ती. डब्यातली चिमूटभर टाकायचीस कुंडीत, विकत कशाला आणलीस?"

आईचं अर्धं बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं प्रत्येकाला माहीत असायला हवं म्हणून आधी तेच सांगते. खसखस हे पॉपीचंच बी, पण अफूच्या पॉपीचं. तिची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंद आहे. सरकारी परवाना असलेले शेतकरीच ती करतात, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. मंदसौर, नीमच, चित्तोडगड ही नावं आपण ऐकलेली असतात ती त्यामुळेच. नुसत्या फुलासाठी म्हणूनही ते झाड घरी लावायचं नसतं. मी आणली होती ती शर्ली पॉपी, म्हणजे युरोपात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या लाल पॉपीची बागेतली जात. शास्त्रीय नाव पापाव्हर ऱ्होइअस. हिची पानं कातरलेली, खरखरीत, देठावर बारीक केस. अफूचं पान गुळगुळीत, निळसर राखी आणि खोडाला बिलगलेलं. पाकिटावर नुसतं 'पॉपी' एवढंच लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका.

आमचं घर ठाण्यात वर्तकनगरला, चौथ्या मजल्यावर, गॅलरी दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा ऊन पार दिवाणखान्यापर्यंत येतं. पॉपीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, तेवढं आमच्याकडे नक्की होतं. बाकी सगळं मी चुकवलं.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं, बी टाकलं आणि वरून बोटभर थर पसरला, मेथी-कोथिंबिरीला करतो तसं. तीन आठवडे एक हिरवा ठिपका दिसला नाही. या बियांना रुजायला उजेड लागतो, झाकल्या की त्या गप्प पडून राहतात, हे नंतर कळलं. पुन्हा पेरलं, या वेळी उघड्यावर. अकराव्या दिवशी दोऱ्याएवढी रोपं दिसली आणि मला इतका आनंद झाला की सकाळ-संध्याकाळ मी त्यांना पाणी घालत बसले. चार दिवस ढगाळ गेले. रोपं मातीलगत बारीक होऊन एकेक करून आडवी झाली. उरली सहा. ती चमच्याने उचलून मोठ्या कुंडीत लावली. आई मागून म्हणत होती, "राहू दे गं त्यांना तिथेच." मी ऐकलं नाही. पॉपीचं सोटमूळ सरळ खाली जातं, झाड बोटभरही नसतं तेव्हाच ते बरंच खोल गेलेलं असतं. ते दुखावलं की झाड परत उभं राहत नाही. आठवड्यात सहाही गेली.

दुसऱ्या वर्षी मला वेळेचं गणित एका तणाने शिकवलं. घोडबंदर रोडला जाताना एक रिकामा प्लॉट लागतो, तिथे पिवळा धोत्रा माजतो. काटेरी पानं, तोडलं की पिवळा चीक. धोतरा म्हणत असले तरी खऱ्या धोतऱ्याशी त्याचं काही नातं नाही, तो पॉपीच्याच कुळातला आहे, मूळ मेक्सिकोकडचा. (याच्या काळ्या बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याचं तेल मिसळलं गेलं आणि माणसं दगावली.) त्याला कोणी पाणी घालत नाही की खत घालत नाही. पाऊस पुरता ओसरला, रात्री गार व्हायला लागल्या की तो आपला उगवतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरून माझं काय चुकलं ते त्या प्लॉटने दाखवलं.

म्हणून २०२२ ला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबले. पहाटे येऊरच्या डोंगराकडून वारा यायला लागला, पंखा एकवर आला, तेव्हा पेरलं. थेट बारा इंची कुंडीत, जिथे पेरायचं तिथेच वाढवायचं. तीन भाग लाल माती, दोन भाग जाड रेती, एक भाग गांडूळखत. खत जास्त झालं तर नुसती पानं माजतात. चिमूटभर बी मूठभर कोरड्या रेतीत कालवलं आणि रांगोळी सोडतात तसं दोन बोटांतून सोडलं. वर काही नाही, फक्त तळहाताने हलकं दाबलं. पाणी वरून घातलं तर बी वाहून एका कडेला गोळा होतं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची, वरची माती ओली दिसली की उचलायची.

रोपं छान आली. मग कबुतरं आली. ठाण्यात गॅलरीत काही वाढवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एका दुपारी मी बाहेर होते तेवढ्यात त्यांनी कुंडीत बैठक मारली. एक झाड वाचलं.

त्या एका झाडाला १० फेब्रुवारीला मी वाकून पाहत होते. कळी केसाळ, मान खाली घातलेली. कित्येक दिवस ती तशीच होती आणि मला वाटत होतं की पाणी कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मान ताठ. कळीची हिरवी टरफलं दोन, ती मधोमध फाटली होती. एक खाली पडलेलं, दुसरं टोपीसारखं अडकून. आत लाल पाकळ्या, पिळून ठेवलेल्या ओढणीसारख्या चुरगळलेल्या. चहा घेऊन तिथेच बसले. अर्ध्या तासात सुरकुत्या सुटत गेल्या, चार पाकळ्या पसरल्या, मध्ये काळपट पुंकेसरांचं दाट कडं. इतक्या पातळ पाकळ्या की ऊन आरपार येत होतं. आईला उठवलं, ती शाल घेऊन बाहेर आली. संध्याकाळी वाऱ्याबरोबर पाकळ्या गेल्या. पॉपीचं एक फूल साधारण दिवसभरच टिकतं, झाड कळ्यांमागून कळ्या देत राहतं म्हणून बहर वाटतो. त्या झाडाने मला नऊ फुलं दिली.

मला मात्र बी हवं होतं. नऊही बोंडं वाळून लहानच राहिली. एक फोडलं तर आत पडदे होते आणि भुसा. खूप वाईट वाटलं. मग वाचून कळलं की ही पॉपी स्वतःच्या परागाने फळतच नाही. स्वतःचा पराग आला तर ती तो ओळखते आणि त्याची नळी पुढे वाढू देत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. माझं झाड एकटं होतं, बाकी काही कमी नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात चार कुंड्या, वर जाळी, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा पेरणी, म्हणजे फुलं एकमेकांना गाठतील. विरळणी करताना हात धजत नव्हता, पण कुंडीत तीनच झाडं ठेवली. नको ती रोपं उपटली नाहीत, कात्रीने मातीलगत कापली, शेजाऱ्याच्या मुळाला धक्का नको म्हणून. जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला, तो रोज ओल्या बोटांनी पुसला. कळ्या दिसल्यावर जाळी काढली.

फेब्रुवारीत एका सकाळी सात फुलं एकदम उघडली होती, तीन झाडांवर. आठच्या सुमाराला फुलोरी माश्या, त्या लहान मधमाश्या, आल्या. पॉपीत मध नसतो, त्या परागासाठीच येतात. पुंकेसरांत अक्षरशः लोळत होत्या, मागच्या पायांवर काळपट गोळे घेऊन दुसऱ्या फुलावर जात होत्या. तरी मी मुलीच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घेऊन या झाडाचा पराग त्या झाडाच्या फुलातल्या चकतीवर फिरवला. मागच्या वर्षीची भुशाची बोंडं विसरले नव्हते.

एका फुलाला पांढरी कड होती. त्याच्या देठाला मी लोकरीचा धागा बांधला. शर्ली पॉपीची सगळी जात अशाच एका फुलापासून निघाली आहे. १८८० च्या सुमारास लंडनजवळच्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना शेतातल्या लाल पॉपींत एकाच फुलाला पांढरी कड दिसली. त्यांनी त्याचं बी धरलं आणि वर्षानुवर्षं निवड करत गुलाबी, पांढरे, फिके रंग मिळवले.

या वेळी बोंडं फुगली. मार्चच्या उन्हात झाडं पिवळी पडायला लागली तसं मी पाणी तोडलं. धागा बांधलेलं बोंड गवताच्या रंगाचं झालं. त्याला वर एक चपटं झाकण असतं, त्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा. पिकल्यावर झाकणाच्या अगदी खाली बारीक खिडक्या उघडतात. कानाशी धरून हलवलं, आत खुळखुळलं. कागदावर उलटं केलं तर मिठाच्या डबीतून पडावं तसं तपकिरी बी पडत राहिलं, शेकड्यांनी. आई चष्मा लावून बघत होती. दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरलं, वर तारीख आणि 'पांढरी कड' लिहिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल राहिली तर बुरशी धरते.

यानंतर जे झालं ते मी केलेलं नाही. पावसाळा गेला, २०२४ च्या नोव्हेंबरात कढीपत्त्याची कुंडी घट्ट झाली म्हणून खुरप्याने वरची माती उकरली. बारा-तेरा दिवसांनी त्यात बारीक हिरवे दोरे. मार्चमध्ये शेजारच्या कुंडीतून बी उडालं असणार आणि अख्खा पाऊस ते अंधारात पडून राहिलं असणार. ही बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहते. १९१४ ते १८ च्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या बेल्जियम-फ्रान्सच्या शेतांत पॉपी लाल झाल्या होत्या, त्या अशाच वर आलेल्या बियांतून.

मोजली, चौदा रोपं होती. कढीपत्त्याच्या सावलीत त्यांचं कसं होणार म्हणून मी चमचा आणायला उठले, तर आईने हात धरला. "बस. हलवू नकोस त्यांना."

त्या रविवारी आम्ही कढीपत्त्याच्या फांद्या छाटून शेजाऱ्यांना वाटल्या.