ताडांच्या रानातला बिशप

तिरुनेलवेलीहून तिसयनविळैची बस सुटली की आधी केळीच्या बागा, मग पवनचक्क्या आणि शेवटी तांबडी वाळू नि ताडच ताड. तिथून जवळच इडैयनगुडी. देवदर्शनाच्या यादीत हे गाव नाही, समुद्रही जरा लांबच. मला रॉबर्ट कॉल्डवेलचं चर्च बघायचं होतं.

हा गडी आयर्लंडमधल्या अँट्रिमचा, जन्म १८१४चा. १८३८ला लंडन मिशनरी सोसायटीतर्फे मद्रासला उतरला, तीन वर्षांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, झाला आणि निलगिरीमार्गे बराचसा पायीच इकडे आला. दुपारी नुसतं चर्चचं आवार ओलांडताना माझ्या चपलेत वाळू शिरून तळवे भाजले. त्याने इथे जवळजवळ पन्नास वर्षं काढली! त्याची बायको एलायझा नागरकोइलच्या मिशनऱ्याची मुलगी. मुलींची शाळा आणि लेस विणायचं काम तिने उभं केलं. चरित्रांमध्ये मात्र तिच्या वाट्याला दोन ओळी येतात.

होली ट्रिनिटी चर्च टोकदार कमानींचं, उंच, एवढ्याशा गावाला न शोभणारं. काम १८४७ला सुरू झालं, चर्च खुलं झालं १८८०त. मधल्या काळात, १८७७च्या दुष्काळात, तो बिशप झाला. १८९१ला कोडैकानलला वारला. देह इथे आणून वेदीखाली पुरला.

तमिळनाडूत त्याचं नाव आहे ते मात्र १८५६च्या व्याकरणामुळे. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम हे संस्कृतपासून वेगळं कुटुंब, हे त्याने सविस्तर मांडलं. आपल्या गडचिरोलीत बोलली जाते ती गोंडीही त्याने त्यातच धरली. मद्रासच्या एलिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे १८१६तच सांगितलं होतं, पण चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पुतळा कॉल्डवेलचा.

मला जास्त खटकलं ते त्याचं १८४९चं पुस्तक. ताडावर चढणाऱ्या शाणार, म्हणजे आजच्या नाडार, लोकांबद्दल त्याने त्यात फार हिणवून लिहिलं. त्यांच्यातलीच पोरं मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकली, ते वाचलं आणि इतकी तक्रार केली की पुस्तक मागे घ्यावं लागलं. शाळा इतकी चांगली चालवल्याचा असा फटका फार थोड्या पाद्रींना बसला असेल.

चर्चबाहेर ताडगुळाची कॉफी मिळाली. ताडगुळाला इकडे करुपट्टी म्हणतात. अर्धा किलो बांधून घेतली आणि उवरीची बस धरली.